गवताखालची राजधानी: स्लाव्ह लोकांच्या जुन्या गढ्या आपल्याला काय सांगतात

चेक प्रजासत्ताकाच्या आग्नेय टोकाला मोरावा नावाची नदी वाहते. नदीच्या अलीकडे चेक देश, पलीकडे स्लोव्हाकिया. अलीकडच्या काठावर मिकुल्चित्से नावाचं गाव आहे आणि गावापासून थोडं दूर एक मोठं कुरण. कुरणात काय दिसतं? गवत, ओकची जुनी झाडं आणि जमिनीवर आखून ठेवलेले काही आयत आणि वर्तुळं. या जागेचं स्थानिक नाव ‘व्हाली’, म्हणजे तटबंदी. गावकऱ्यांनी नाव जपलं होतं, पण तट कोणाचा आणि कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९५४ साली योसेफ पोउलीक या पुरातत्त्वज्ञाने इथे खोदायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत त्या गवताखालून किमान दहा चर्चचे पाये निघाले, लाकडी पुलांचे खांब निघाले, सुमारे २,५०० कबरी निघाल्या. जमिनीवरचे ते आयत आणि वर्तुळं म्हणजे याच चर्चच्या खुणा. नवव्या शतकात इथे एका राज्याचं मोठं केंद्र होतं. त्या राज्याला आज आपण ‘ग्रेट मोराविया’ म्हणतो. पण मिकुल्चित्से हे आजच्या गावाचं नाव. त्या काळी या जागेला काय म्हणत, ते एकाही कागदाने आपल्यापर्यंत पोहोचवलेलं नाही. इतकी मोठी जागा, आणि तिचं नाव हरवलेलं. मला या विषयाची ओढ लागली ती इथूनच.

आधी थोडी ओळख. सहाव्या-सातव्या शतकापासून मध्य आणि पूर्व युरोपात स्लाव्ह भाषा बोलणारे लोक पसरले. आजचे चेक, पोलिश, स्लोव्हाक, रशियन, सर्ब वगैरे त्याच भाषाकुळातले. सुरुवातीच्या काळात त्यांची गावं लहान असत: जमिनीत अर्धवट खणलेल्या चौकोनी खोल्या, कोपऱ्यात दगडी चूल, हाताने घडवलेली साधी मडकी. ना मोठी दफनं, ना सोनंनाणं. मग आठव्या शतकापासून आणि विशेषतः नवव्यात चित्र बदलतं. जागोजागी माती-लाकडाचे तट असलेल्या गढ्या उभ्या राहतात.

या गढीला चेक भाषेत ह्राद, पोलिशमध्ये ग्रुद आणि रशियनमध्ये गोरद म्हणतात. बेलग्रेडमधला ग्रेड तोच, नोव्हगोरदमधला गोरदही तोच. शब्दाचा मूळ अर्थ ‘कुंपण घातलेली जागा’. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतमधल्या ‘गृह’शी जोडतात, आणि गृहावरून आपलं ‘घर’ आलं. त्यांचा कोट आणि आपलं घर एकाच आदिम शब्दाची लेकरं आहेत, हे कळल्यावर तो परका विषय मला एकदम अंगणात आल्यासारखा वाटला होता.

शेजारच्या फ्रँक राज्यातल्या, म्हणजे आजच्या जर्मनी-फ्रान्सच्या भागातल्या, कोणा लेखकाने नवव्या शतकात स्लाव्ह टोळ्यांची एक यादी लिहून ठेवली आहे. लेखकाचं नाव माहीत नसल्याने अभ्यासक त्याला ‘बव्हेरियाचा भूगोलकार’ म्हणतात. कोणत्या टोळीकडे किती ‘सिविटास’ आहेत, हे तो मोजून सांगतो. बोहेमियावाल्यांकडे १५, मोरावियावाल्यांकडे ११, सोर्ब लोकांकडे ५०, बाल्टिककडच्या विल्त्सींकडे ९५. सिविटास म्हणजे गढी आणि बहुधा तिच्या ताब्यातला मुलूखही. बाहेरच्या माणसाला स्लाव्ह लोकांचं बळ मोजायचं झालं तर तो गढ्या मोजत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

केंद्र म्हणजे नेमकं काय

पुरातत्त्वात अशा जागांना ‘मध्यवर्ती वसाहत’ किंवा नुसतं ‘केंद्र’ म्हणतात. ही कल्पना मूळची भूगोलातली. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीचा अभ्यास करून ती मांडली. काही गावं आपल्यापुरती जगतात आणि काही गावं आजूबाजूच्या सगळ्या मुलखाला काहीतरी पुरवतात. त्यामुळे लोकांची पावलं तिकडे वळतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. तालुक्याचं गाव एक, आठवडी बाजाराचं दुसरं, जत्रेचं तिसरं, आणि लोहार-सुताराकडे जायचं तर चौथंच, असं आपल्याकडे कितीतरी ठिकाणी होतं. कधी ही सगळी कामं एकाच गावात गोळा होतात आणि ते गाव मोठं होतं. पुरातत्त्वज्ञ गढीकडे बघताना हेच विचारतात. इथून कोणी राज्य करत होतं का? संकटात लोक आत येत होते का? कारागीर होते का? व्यापार होता का? देवाचं ठिकाण होतं का? यातलं एखादंच काम होत असेल तर ती साधी गढी. जितकी जास्त कामं एकत्र आली तितकी ती जागा मुलखाचं केंद्र ठरते. नुसता तट बघून केंद्र ठरवता येत नाही.

अडचण अशी की ‘राज्य’ खणून काढता येत नाही. जमिनीतून निघतात खिळे, हाडं, खापरं आणि कोळसा. त्यातून सत्ता कशी वाचायची, ही या शास्त्राची खरी कसरत.

दोन गुंड्या आणि एक लहान मूल

मिकुल्चित्सेच्या कबरींमध्ये एक वस्तू वारंवार सापडते. चेक भाषेत तिला ‘गोंबीक’ म्हणतात. ही धातूची पोकळ गोल गुंडी. दोन अर्धगोल पत्रे जोडून केलेली, वर अडकवायला छोटी कडी. सोन्याची, चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची. पत्र्यावर मागून ठोकून वेलपत्ती उठवलेली असते, कधी बारीक दाणे जडवलेले असतात. साधारण जोडीने मिळते, गळ्यापाशी किंवा खांद्यापाशी, कारण झग्याचा गळा त्याने बंद होत असे.

या गुंड्या लहान मुलांच्या कबरींतही मिळतात. काही मुलग्यांच्या पायांशी घोडेस्वाराच्या काट्यांची, म्हणजे टाचेला बांधून घोड्याला टोचायच्या काट्यांची, जोडीही निघाली आहे. ज्या वयात घोड्यावर नीट मांड ठोकता येणार नाही, त्या वयात पायाला काटे. याचा अर्थ काय लावायचा? मान त्या मुलाने कमावलेला नाही, तो जन्माने मिळालेला आहे. कर्तबगारीवर मिळणारं मोठेपण आता घराण्यात उतरायला लागलं, याचा हा पुरावा. एखाद्या राजाच्या प्रशस्तीपेक्षा माझा या छोट्या काट्यांवर जास्त विश्वास बसतो. प्रशस्ती लिहून घेता येते. मुलाला पुरताना घरच्यांनी काय घातलं, त्यात बाहेरच्या वाचकासाठी काही नसतं.

याच कुरणात तीन दालनांच्या एका मोठ्या चर्चचा पाया आहे, सुमारे ३५ मीटर लांब. त्याच्या आत आणि भोवती पाचशेहून जास्त कबरी. चर्चच्या जितकं जवळ, तितकं मोठं माणूस, असा साधारण हिशेब. आतल्या भागात तटाने वेढलेली जागा सुमारे १० हेक्टर, म्हणजे २५ एकर. आपल्या किल्ल्यांच्या भाषेत सांगायचं तर बालेकिल्ला, त्याला लागून माची, आणि बाहेर पसरलेली पेठ. चहूबाजूंनी नदीचे फाटे होते आणि त्यांवर लाकडी पूल. जुन्या पात्राच्या गाळातून एकाच खोडातून कोरलेल्या होड्या निघाल्या. लाकूड हजार-अकराशे वर्षं टिकलं, कारण चिखलात हवा शिरली नाही.

लिखित इतिहासातले दुवे असे: ८४६ मध्ये रास्तिस्लाव मोरावियाचा राजा झाला. ८६३ मध्ये त्याच्या बोलावण्यावरून बायझँटियमहून, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातून, कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस हे दोघे भाऊ आले आणि स्लाव्ह भाषेसाठी नवी लिपी घेऊन आले. ८६९ सालची नोंद करताना फुल्दाच्या बखरीचा, म्हणजे फ्रँक राज्यातल्या एका बखरीचा, लेखक रास्तिस्लावच्या गढीचं वर्णन करतो: शब्दांत न मावणारी, जुन्या सगळ्या गढ्यांहून वेगळी. ती गढी मिकुल्चित्सेच का, याचा निवाडा करणारा लेख सापडलेला नाही. बखर आणि फावडं एकाच काळाबद्दल बोलतात, पण एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत.

तट कसा बांधत

इथे एका प्रवाशाचे आभार मानायला हवेत. इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधल्या तोर्तोसाचा अरबी लिहिणारा ज्यू. ९६५ च्या सुमारास तो मध्य युरोपात फिरला. स्लाव्ह लोक गढी कशी उभारतात, ते त्याने सांगून ठेवलं आहे. ते पाण्याने आणि लव्हाळ्याने भरलेल्या कुरणात जातात. गढी जशी हवी तशी गोल किंवा चौकोनी आखणी करतात. भोवती चर खणतात, निघालेली माती आत टाकतात, फळ्या आणि ओंडके लावून चोपतात, हव्या त्या उंचीचा तट होईपर्यंत. मग एका बाजूला दार, आणि दारापर्यंत लाकडी पूल.

इतकं नेमकं वर्णन की खोदकामाच्या अहवालाशेजारी ठेवावं. दलदल का निवडायची, तेही यातून कळतं. डोंगर नसेल तिथे पाणी हाच कडा.

मिकुल्चित्सेपासून फार दूर नसलेल्या, ब्रेत्स्लाव शहराजवळच्या पोहान्स्को इथल्या गढीचा तट सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि आतली जागा २८ हेक्टर. पोहान्स्को म्हणजे ‘पाखंड्यांची जागा’. नंतरच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी जुने अवशेष बघून हे नाव दिलं असणार. गंमत म्हणजे या ‘पाखंडी’ जागेत दोन चर्च निघाली आहेत, दुसरं तर अगदी २००८ मध्ये. तटाची रचना अशी: समोर कोरड्या दगडांची भिंत, तिच्यामागे लाकडी चौकटी आणि त्यांत ठासून भरलेली माती. नदीकाठच्या त्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, तो लांबून वाहून आणलेला. ओकची हजारो झाडं तोडावी लागली असतील. कोणी तोडली, कोणाच्या हुकमाने, त्यांना जेवू कोणी घातलं? दोन किलोमीटरचा तट म्हणजे माणसं कामाला लावण्याची ताकद, आणि ती मात्र मोजता येते.

झाडाच्या वलयांनी उलटवलेला इतिहास

लाकडाचा आणखी एक उपयोग आहे, आणि या विषयात त्याने अक्षरशः उलथापालथ केली. झाड दर वर्षी एक वलय वाढवतं. चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. एका प्रदेशातल्या झाडांनी एकच हवामान सोसलेलं असतं, म्हणून त्यांच्या जाड-बारीक वलयांची मालिका जुळते. आजच्या झाडाच्या आतली वलयं जुन्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची, तुळईच्या आतली त्याहून जुन्या लाकडाशी, असं मागे मागे जात एक अखंड पंचांग तयार होतं. मग गढीतला ओंडका त्या पंचांगावर ठेवून बघायचा. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी पाडलं ते सांगता येतं.

पूर्व जर्मनीच्या लुसाटिया भागातल्या टोर्नोचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात योआखिम हेरमान यांनी तिथली गोल गढी खणली. खापरांवरून आणि थरांवरून त्यांनी तिची सुरुवात सहाव्या-सातव्या शतकाकडे नेली. त्यावर स्लाव्ह समाजात सरदारवर्ग किती लवकर तयार झाला, याची सगळी मांडणी उभी राहिली. पुढे वलयांची तारीख आली: नववं शतक संपता संपता आणि दहावं. दोनशे-तीनशे वर्षांचा फरक! आजूबाजूच्या तशाच गढ्यांच्या तारखाही तिथेच येऊन पडल्या.

तारीख सरकली की कारणही बदलतं. सातव्या शतकातली गढी म्हणजे टोळी आपल्या गतीने मोठी होतेय. दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घाईघाईने उभ्या राहिलेल्या डझनावारी गढ्या म्हणजे पश्चिमेकडून जर्मन राजांचं सैन्य येतंय. हेन्री पहिल्याने ९२९ च्या कडाक्याच्या थंडीत दलदल गोठली असताना ब्रांडेनबुर्गची गढी घेतली, तो हाच काळ. माती तीच, खापरं तीच; फक्त साल कळलं आणि गोष्ट दुसरी झाली.

पोलंडमध्येही असंच घडलं. ग्न्येझ्नो आणि पोझ्नानच्या परिसरात जुन्या टोळ्यांच्या कित्येक गढ्या दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात जळतात किंवा ओस पडतात आणि ९४० च्या आसपास नव्या, अवाढव्य गढ्या उभ्या राहतात. पोलंडचा पहिला ज्ञात राज्यकर्ता म्येश्को याने बाप्तिस्मा घेतला तो ९६६ मध्ये. लेद्नित्सा सरोवरातल्या बेटावरच्या गढीला काठाशी जोडणारे दोन लांब पूल त्याच्या दोनतीन वर्षं आधी तोडलेल्या लाकडाचे आहेत. पाणबुड्यांनी त्या पुलांच्या तळातून कुऱ्हाडी, भाले, तलवारी वर काढल्या. राज्य हळूहळू उमलत गेलं असं पूर्वी शिकवलं जायचं. वलयं सांगतात की एका घराण्याने एका पिढीत, शेजाऱ्यांच्या गढ्या जाळून ते उभारलं.

गढीला पैसा कुठून आला

क्राकोव्ह शहरात १९७९ साली एका जुन्या रस्त्यालगत नवव्या शतकातला एक ठेवा निघाला. कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या लांबट लोखंडी पट्ट्या, मोजून ४,२१२, वजन साडेतीन टनांहून जास्त. यांनी झाड तोडता येत नाही. हा पैसा होता. अशाच पट्ट्या मोरावियातही मिळतात, म्हणजे दोन्ही मुलखांत एक चलन ओळखीचं होतं. नाणी पाडणारा राजा नसतानाही हिशेब चालत होता.

आणि एक व्यापार असा, ज्याबद्दल लिहिताना हात जड होतो. दहाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला डॅन्यूब नदीवरच्या राफेलस्टेटेन इथे जकातीचे दर लिहिले गेले. त्यात मोरावियाच्या बाजाराचा उल्लेख आहे. दर असे: एका दासीवर जितकी जकात तितकीच एका घोड्यावर; एका दासावर जितकी तितकीच एका घोडीवर. बाकीच्या मालासारखीच माणसंही त्या यादीत. इब्राहिमनेही प्रागच्या बाजारात गुलाम पाहिले. इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ हा शब्द ‘स्लाव्ह’वरूनच आला. गढ्यांमध्ये कधी कधी लोखंडी बेड्या निघतात आणि त्यांचा अर्थ काय लावायचा, यावर बराच काळ फारसं बोललं गेलं नव्हतं. सोन्याच्या गुंड्या काचेच्या कपाटात मधोमध ठेवल्या जातात. माझ्या मते बेडी त्यांच्या शेजारीच ठेवायला हवी, कारण एकीचा खर्च बहुधा दुसरीतून निघत होता.

धान्याचं मात्र सगळं जवळच. मिकुल्चित्सेत हजार-दोन हजार माणसं राहत असावीत असा अंदाज आहे, आणि त्यांतली अनेक शेती करत नव्हती. त्यांना आसपासची गावं पोसत होती. हेही हाडांतून वाचता येतं. आपल्या वरीच्या जातकुळीतलं एक भरडधान्य स्लाव्ह शेतकरी भरपूर पिकवत. गव्हापेक्षा या धान्याची कार्बनची सही, म्हणजे रासायनिक खूण, वेगळी असते आणि ती खाणाऱ्याच्या हाडात उतरते. मांस-दूध जास्त खाल्लं तर नायट्रोजनची सही बदलते. गढीतल्या आणि खेड्यांतल्या सांगाड्यांची तुलना केली तेव्हा गढीतल्या मानाच्या पुरुषांच्या हाडांत मांस-दुधाचं प्रमाण जास्त दिसलं आणि खेड्यांत भरडधान्याचं.

मग हे राज्य होतं का

यावर वाद आहे आणि तो रंगलेला आहे. विसाव्या शतकात चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, पूर्व जर्मनी यांनी गढ्यांच्या खोदकामावर मोठा पैसा ओतला. महायुद्धात ज्यांच्यावर ‘स्लाव्हांना राज्य करता येत नाही’ असं ऐकायची वेळ आली, त्यांना आपल्या मातीत जुनं राज्य सापडायला हवं होतं. ही भावना मला पूर्ण समजते. तिच्यामुळेच इतकं खणलं गेलं, हेही खरं. पण त्या घाईत प्रत्येक मोठी गढी ‘राजधानी’ आणि प्रत्येक मोठं दफन ‘राजपुत्र’ झालं.

पोहान्स्कोवर दीर्घकाळ काम करणारे यिर्झी माखाचेक यांनी प्रश्न वेगळा विचारला: ग्रेट मोरावियाच्या राज्याला कर गोळा करणारी यंत्रणा होती का, की राजा लुटीवर आणि भेटींवर आपली माणसं टिकवत होता? लूट थांबली की माणसं पांगतात. पोहान्स्कोचा तो भक्कम तट नवव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला, म्हणजे वस्ती आधीची, तट नंतरचा. मोरावियाचा स्वातोप्लुक राजा ८९४ मध्ये मरण पावला, त्याच्या मुलांत तंटा लागला, पूर्वेकडून मग्यार, म्हणजे आजच्या हंगेरियनांचे पूर्वज, घोडेस्वार आले आणि ९०७ पर्यंत सगळं कोसळलं. जो तट उभारायला हजारो झाडं पडली, तो जेमतेम एका पिढीच्या कामाला आला. माखाचेकचा प्रश्न मला म्हणूनच वजनदार वाटतो.

प्रागची गढी मात्र टिकली. तिच्यावर महाल आले, कॅथेड्रल आलं, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आलं. त्यामुळे प्रागमध्ये नवव्या शतकापर्यंत पोहोचायचं तर तळघरात, पाइपांच्या मधून, जमेल तेवढ्या खड्ड्यात डोकवावं लागतं. मिकुल्चित्से आणि पोहान्स्को ओस पडली, त्यांच्यावर नदीने गाळ पसरला, गवत उगवलं, आणि कोणी पुन्हा शहर बांधलं नाही. पुरातत्त्वाला पूर्ण नकाशा मिळतो तो अशाच हरलेल्या जागांवर. विसाव्या शतकातल्या माणसांनी त्या गाळातून जे वर काढलं, ते टिकवणंही सोपं नाही. २००७ मध्ये मिकुल्चित्सेच्या संशोधन केंद्राला आग लागली आणि अकरा शतकं चिखलात सुखरूप राहिलेल्या कित्येक वस्तू आणि खोदकामाच्या नोंदी एका रात्रीत गेल्या.

नदीच्या पलीकडे, स्लोव्हाकियातल्या कोप्चानी गावाबाहेर, शेतात एक लहानसं दगडी चर्च उभं आहे. अंतिओखच्या संत मार्गारेटचं. मिकुल्चित्सेतल्या सगळ्या चर्चचे फक्त पाये उरले, हे एक भिंतींसह शिल्लक आहे. शेतकऱ्यांना ते साधं जुनं देऊळ वाटत आलं. २००४ मध्ये त्याच्या भिंतीलगत नवव्या शतकातले दागिने असलेल्या कबरी निघाल्या, तेव्हा ते किती जुनं आहे हे कळलं. मधल्या काळात नदीच्या दोन काठांवर दोन देश झाले होते. आता मोरावेवर पादचारी पूल आहे. कुरणातून निघून, नदी ओलांडून, त्या चर्चपर्यंत पुन्हा चालत जाता येतं.